रेडिओवाल्या अण्णांची बहीण

मी शांताक्कांचा रेडिओ बोलतोय. मधेमधे खरखर होईल, तेवढी चालवून घ्या. पाठीचं झाकण कधीच हरवलं, तिथं सायकलच्या ट्यूबचं रबर बांधलंय. एरियलच्या जागी मोडक्या छत्रीची काडी आहे. पण आवाज अजून खणखणीत आहे. हे मी स्वतःच सांगतो, कारण दुसरं कुणी सांगत नाही.

कारखान्यातलं मला काही आठवत नाही. आठवतं ते सोलापुरातलं दुकान आणि तिथून मला घेऊन निघालेले महांतप्पा, म्हणजे शांताक्कांचे मालक. एसटीत त्यांनी मला मांडीवर धरलं होतं. "ह्यात आपल्या जिल्ह्याच्या बातम्या लागत्यात," असं कुणी न विचारताच शेजाऱ्यांना सांगत त्यांनी मला मुरुमच्या अलीकडच्या आमच्या खेड्यात आणलं. तेव्हापासून मी सोप्यातल्या कोनाड्यात आहे. बिघडलो की थापड खातो. माणसाच्या दुखण्याला डॉक्टर लागतो, माझ्या दुखण्यावर मात्र घरातला प्रत्येकजण इलाज करतो.

रोज सकाळी सहा पन्नासला माझ्यातून आवाज यायचा, "नमस्कार. चन्नबसप्पा हत्तरगे आपल्या जिल्ह्याच्या बातम्या सांगतोय." 'वाचतोय' असं ते कधी म्हणाले नाहीत. त्या नमस्काराला अक्का चूल पेटवायच्या. बाजारभाव आले की महांतप्पा टोपी घालायचे. हवामान संपलं की त्यांचा मुलगा शिवकुमार दप्तर घेऊन पळायचा. भिंतीवर घड्याळ होतं, पण त्याच्यावर घरात कुणाचा विश्वास नव्हता.

अक्कांना भाऊ नव्हता. नागपंचमीला गल्लीतल्या बायका माहेरी निघाल्या की त्या चुलीपुढं बसून राहायच्या. एका पंचमीला त्यांनी तंबिटाचे लाडू केले, स्टीलच्या डब्यात भरले आणि धाराशिवला जाणाऱ्या गाडीच्या कंडक्टरच्या हातात दिले. "रेडिओवाल्या अण्णास्नी द्या. बहिणीनं दिलंय म्हणा."

कंडक्टर भला माणूस. आठ दिवसांनी डबा परत आला. आमच्याकडं कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. डब्यात साखर होती आणि विभूतीची पुडी. झालं, नातं जुळलं! पुढं कंडक्टर बदलले, महांतप्पा गेले, शिवकुमारचं लग्न झालं, पण सत्तावीस वर्षं तो डबा जात राहिला आणि येत राहिला. अण्णांचं गाव मुरुमच, आमच्यापासून दोन कोसांवर. सणावाराला ते तिथं यायचे. तरी अक्का त्यांना एकदाही भेटल्या नाहीत. भाऊ मानलेला, पण माणूस परका. दारात जाऊन काय सांगायचं, हा त्यांचा संकोच. "पुढच्या पंचमीला जाईन," म्हणायच्या. मला फार राग यायचा. दोन कोस म्हणजे काय काशी आहे?

आता डोळ्याचं सांगतो, कारण सगळं त्यावरच अडलं होतं. महांतप्पा वारले तेव्हा अक्कांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन चारच दिवस झाले होते. नवरा गेल्यावर बाई रडणारच. पदरानं डोळा पुसत राहिल्या, तो पिकला आणि कायमचा गेला. म्हणून यंदा डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा शिवकुमारनं घरात सगळ्यांना बजावून ठेवलं, "दीड महिना डोळ्याला पाण्याचा थेंब न्हाय लागला पायजे. अव्वानं रडायचं तर मुळीच न्हाय." पट्टी तिसऱ्या दिवशी सकाळी निघणार होती. त्या मधल्या दिवशी जे घडलं, ते माझ्या मनातून जात नाही.

अक्का सोप्यात बाजेवर बसल्या होत्या. एक डोळा गेलेला, दुसरा बांधलेला. सहा पन्नासला सून शुभांगीनं मला लावलं आणि माझ्यातून एक अनोळखी, दाटलेला आवाज आला. "आमचे ज्येष्ठ सहकारी, ज्यांचा आवाज गेली अनेक वर्षं..."

तेवढ्यात शिवकुमार मोबाइल हातात घेऊन परड्यातून धावत आला. त्यानं मला कोनाड्यातून ओढलं, रबर ताणलं आणि दोन्ही सेल उपसून काढले. पुढची बातमी माझ्या पोटातच राहिली. त्याला ती आधीच कळली होती. अण्णा दोन दिवसांसाठी मुरुमच्या घरी आले होते, पहाटे छातीत कळ आली आणि ते गेले.

"काय झालं रे?" अक्कांनी विचारलं.

"सेल संपले, अव्वा."

"सोमवारी तर नवे घातले."

"खराब निघाले."

"आन् अण्णा का न्हाईत आज?"

"सुट्टीवर असत्याल."

अण्णांनी कधी, किती दिवस सुट्टी घेतली, हे अक्कांना तोंडपाठ होतं.

मला शिवकुमारनं आत ज्वारीच्या कणगीवर नेऊन ठेवलं. तिथून नवरा-बायकोची कुजबुज ऐकू आली. "चार वाजता माती हाय. तवर तिला कळू द्यायचं न्हाय. एकच डोळा राहिलाय."

"आन् मागनं कळल्यावर?" शुभांगी म्हणाली.

"मागनं मला शिव्या देऊ दे. तोंड बघून तरी देईल."

मला त्याचा संताप येत होता, आणि पोराचं चुकलं असंही म्हणता येत नव्हतं. त्याच्या हातातले सेल एकमेकांवर आपटत होते. शेवटी शुभांगीनं ते त्याच्या हातातून घेतले आणि पदराच्या गाठीला बांधले.

दिवस वर चढू लागला. गल्लीत एकामागून एक टेम्पो हॉर्न वाजवत थांबायला लागले. लोक मुरुमला निघाले होते.

"एवढ्या गाड्या कशाच्या?" अक्कांनी विचारलं.

"बाजारच्या."

"बाजार परवाच झाला की."

शिवकुमारनं दार लावून घेतलं. दुपारी दोनच्या सुमाराला शेजारची जगदेवी ते ढकलून आत आली. "शांताक्का, तुमी येणार न्हाय व्हय?" शुभांगीनं मागून जोरजोरात हात हलवला. जगदेवीनं शब्द फिरवले. "न्हाय... म्हणलं, डोळा बरा हाय का?" असं काहीतरी पुटपुटून ती उभ्याउभ्या निघून गेली. जगदेवी एकदा टेकली की दीड तास हलत नाही. तिथंच सगळं फुटलं असं मला वाटलं.

"शुभांगी, रेडिओ आण हिकडं."

शुभांगीनं मला आणून अक्कांच्या मांडीवर ठेवलं. अक्कांनी पाठीमागून बोटं घातली. सेलची जागा रिकामी होती. शुभांगी वाकली तेव्हा पदराची गाठ बाजेच्या लाकडी गातावर आपटली आणि टक्क वाजलं. अक्कांनी ती गाठ चाचपली, हातात धरून ठेवली.

"खराब सेल कुणी गाठीला बांधतं का गं?"

शुभांगीनं गाठ सोडवून घ्यायला पाहिलं, अक्कांनी सोडली नाही.

"कोण गेलं ते न्हाय विचारत म्या. माती किती वाजता हाय, तेवढं सांग."

"चार," शुभांगी म्हणाली, आणि तिनं तोंडाला पदर लावला.

शिवकुमार धावत आला. "अव्वा, न्हाय जायचं. रडलीस तर डोळा जाईल. पहिल्या बारीला बघितलंस की."

"न्हाय रडत."

"तुला जमायचं न्हाय."

"सत्तावीस पंचम्या म्या फुडं ढकलल्या, शिवकुमार. आता ढकलायला काय राहिलंय?"

टमटम मिळाली. अक्कांनी मला मांडीवरून सोडलंच नाही, म्हणून मीही निघालो. वाटेत प्रत्येक खड्ड्याला शिवकुमार आईचं डोकं दोन्ही हातांनी धरत होता.

अण्णांच्या शेतात खड्डा खणून तयार होता. आमच्या समाजात गेलेल्या माणसाला बसवून माती देतात. अण्णांना खुर्चीत बसवलं होतं. कपाळभर विभूती, गळ्यात हार. शुभांगी हे सगळं अक्कांच्या कानात सांगत होती. चारी बाजूंनी गर्दी, धूळ, कापराचा धूर. कुणाचा कोपर डोळ्याला लागू नये म्हणून शिवकुमार हात पसरून पुढं चालला होता.

अण्णांच्या बायको शिवगंगाबाईंनी पट्टी बांधलेली ही बाई पाहिली. "कोण तुमी?"

"म्या... डबा पाठवायची."

शिवगंगाबाई उठल्या आणि अक्कांच्या गळ्यात पडल्या. "अक्का, साखर ते सोता भरायचे हो! कुणाला हात लावू द्यायचे न्हाईत. माझ्या बहिणीचा डबा हाय म्हणायचे."

अक्कांची हनुवटी थरथरायला लागली. शिवकुमारचा चेहरा पांढराफटक पडला. आजूबाजूला मोठी माणसंसुद्धा हुंदके देत होती, आणि अशा ठिकाणी रडू आवरणं किती कठीण ते तुम्हाला ठाऊक आहे. अक्कांची बोटं माझ्या जाळीत रुतली. नको अक्का, नको, असं मी ओरडत होतो, पण सेलशिवाय माझं ओरडणं कुणाला ऐकू जाणार? अक्कांनी खालचा ओठ दातांत धरला. ओठातून रक्त आलं. पट्टी कोरडी राहिली.

"मला त्येंच्याजवळ न्या."

मला शुभांगीकडं देऊन त्या पुढं झाल्या. कुणीतरी हातात दिलेली बेलाची पानं अण्णांच्या मांडीवर वाहिली. मग कपाळ चाचपलं, गाल चाचपले आणि हात गळ्याशी येऊन थांबला. "इथनं बोलायचे," त्या म्हणाल्या, कुणाला ते कळलं नाही. आणि मग त्यांचा हात वर, स्वतःच्या पट्टीकडं गेला.

"अव्वा!" शिवकुमार किंचाळला.

हात पट्टीच्या कडेवर थांबला. जरा उचलली असती तर भावाचं तोंड दिसलं असतं, सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा आणि शेवटचं. त्यांनी पट्टी उचलावी असं मला वाटत होतं, आणि उचलली तर काय होईल या धास्तीनं मी गारठलो होतो. मंत्र म्हणणारे स्वामीसुद्धा थांबले.

अक्कांनी हात खाली घेतला. "द्या माती," त्या म्हणाल्या. "बघितलं म्या त्यास्नी."

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. नजर उत्तम आली. त्यानंतर दीड महिना अक्कांनी मला लावू दिलं नाही. कांदासुद्धा चिरला नाही. त्या रडल्या नाहीत म्हणून "शांताक्काचं काळीज दगडाचं," असं जगदेवीनं गल्लीभर सांगितलं. तेही त्यांनी ऐकून घेतलं.

काल डॉक्टरांनी पथ्य संपल्याचं सांगितलं. अक्कांनी त्यांना एवढंच विचारलं म्हणे, "आता रडलं तर चालतंय का?" म्हातारी गंमत करते असं वाटून डॉक्टर हसले आणि चालेल म्हणाले.

आज सकाळी अक्कांनी स्वतःच्या हातानं माझ्यात सेल घातले. सहा पन्नासला एका तरुण मुलीचा आवाज आला. "नमस्कार," ती म्हणाली, जरा घाबरतच. अक्का माझ्यापुढं मांडी घालून बसल्या आणि रडायला लागल्या. शिवकुमार घाईनं माझं बटण फिरवायला आला, तर शुभांगीनं त्याचं मनगट धरलं.

बातम्या केव्हाच संपल्या. आता कसलीशी गाणी लागली आहेत. माझे सेल उतरत आले आहेत, पण मी नेट लावून वाजतोय. तुमच्यापैकी कुणी आमच्या घरावरून जात असेल तर कृपा करा, आत येऊन मला बंद करू नका. दीड महिन्याचं साठलंय. अक्कांना अजून वेळ लागेल.