चारशे बारा अभिप्राय

शुक्रवारी राजधानीत राज्य समितीची बैठक होती आणि बुधवार सकाळपासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. भाषण तीनदा लिहून झालं, पाच वेळा मोठ्याने वाचून झालं. नवरा म्हणाला, "वर्निस, जरा एका जागी बस तरी." मी म्हटलं, अख्ख्या राज्याला चालायला सांगणाऱ्या बाईला बसायला सांगतोस होय? तो पेपर घेऊन पोर्चमध्ये निघून गेला.

आमची चळवळ कॅरोलायनाभर पसरलेली आहे. चांगलं खा, चालत राहा, एवढंच तिचं म्हणणं; आमच्या गावात दर शनिवारी मी लोकांना घेऊन चालायलाही निघते. चालवणारे आम्ही अकरा जण: दोन डॉक्टर, तीन पाद्री, एक निवृत्त फुटबॉल प्रशिक्षक आणि काउंटीच्या आरोग्य खात्यात केस पांढरे केलेल्या माझ्यासारख्या पाच नर्सा. त्या अकरांत सध्या माझा भाव वधारला होता. टिलरी काउंटीतल्या चर्चांमध्ये तीन वर्षं मी चवीचे कार्यक्रम केले होते. डुकराच्या हाडकाशिवाय शिजवलेली कोलार्डची पालेभाजी, भट्टीत भाजलेली कोंबडी, बिनसाखरेचा गार चहा. खाऊन झालं की प्रत्येकाने एक फॉर्म भरायचा. चारशे बारा फॉर्म आले आणि त्यांतल्या चारशे तीन फॉर्मांवर 'फार छान' या चौकटीत खूण होती. इतकं कौतुक आमच्या पाद्र्याच्या प्रवचनाचंही कधी झालं नव्हतं. आता शुक्रवारी समिती ठराव करणार होती की हेच पदार्थ, हीच पद्धत राज्यातल्या शंभरच्या शंभर काउंट्यांत न्यायची.

भाषणाला एक फोटो हवा होता, म्हणून दुपारी मी न कळवता आमच्या चर्चच्या स्वयंपाकघरात गेले. बुधवारी संध्याकाळी बायबलच्या वर्गाआधी तिथे सगळ्यांचं जेवण असतं. आत मिस ओडेला राउस एकट्याच होत्या. वय एक्याऐंशी, आणि त्या स्वयंपाकघरात त्यांच्या शब्दाबाहेर पाणीसुद्धा उकळत नाही. शेगडीवर मोठं पातेलं होतं. झाकण उचललं तर पाल्याच्या मधोमध डुकराचं धुरावलेलं हाडूक आणि वर बोटभर चरबीचा तवंग.

"मिस ओडेला, हे काय?"

"भाजी."

"कुणासाठी?"

"खाणाऱ्यांसाठी."

"आणि माझी?"

"तुझी, तू येतेस त्या दिवशी," त्या म्हणाल्या आणि वरून मीठ घातलं.

माझ्या हातात झाकण तसंच राहिलं. "पण तुम्ही फॉर्मवर 'फार छान' लिहिलंत. घरी नक्की करीन असंसुद्धा लिहिलंत."

"मग काय लिहायचं होतं? रविवारचे चांगले बूट काढून तू दोन दोन तास या शेगडीपाशी उभी राहायचीस. तुझ्या आईच्या शेजारी उभं राहून मी चाळीस वर्षं प्रार्थना गायले. तिच्या पोरीला तोंडावर वाईट म्हणू? आम्हाला काही वळण आहे की नाही?"

"फॉर्मवर नाव लिहायचं नव्हतं, म्हणूनच तर..."

"आणि माझं अक्षर तुला ओळखू येत नाही होय?" त्यांनी झाकण माझ्या हातातून काढून घेतलं. "आता विचारतेच आहेस तर सांगते. मोजे उकळल्यासारखी लागते गं तुझी भाजी."

मला त्यांचा राग आला नाही, माझाच आला. मी काय परदेशातून आले होते? मी याच गावची. शेजारणीचा करपलेला केक दोनदा वाढून घेऊन मी स्वतः खाल्ला आहे, वर तिच्याकडून कृती लिहून घेतली आहे. आमच्याकडे ताटात पडलेल्याला नाव ठेवत नाहीत, निदान करणारी बाई समोर असेपर्यंत तरी. हे ठाऊक असून मी पदार्थ स्वतः केले, स्वतः वाढले आणि हसत हसत फॉर्म वाटले. गोळा करायलाही मीच उभी.

गाडीत बसले आणि घराकडे वळायच्या ऐवजी लेमकडे निघाले. लेम्युएल माझा थोरला भाऊ, सहासष्ट वर्षांचा, बायको जाऊन पाच वर्षं झालेली. त्याला पंधरा वर्षांपासून साखरेचा आजार आहे. खरं सांगायचं तर चळवळबिळवळ नंतरची, मी हे सगळं लेमसाठी सुरू केलं होतं. आईचा पाय याच आजारात गेला आणि दोन वर्षांत आई गेली. लेमच्या फॉर्मवर होतं, 'फार छान. घरीही हेच खातो.' दर रविवारी मी त्याला एक मोठा डबा पोचवत होते.

तो आरामखुर्चीत होता, डावा पाय चौरंगावर, जाडजूड मोज्यात.

"डबे खातोस का?" मी दारातूनच विचारलं.

"खातो की."

"माझ्याकडे बघून सांग."

त्याने टीव्हीकडे बघितलं. मी मागच्या खोलीत गेले आणि त्याचा मोठा फ्रीझर उघडला. एकावर एक रचलेले, नीट, सरळ रांगेत. प्रत्येकावर माझ्या हातची तारीख. सगळ्यात खालचा तीन वर्षांपूर्वीचा होता.

"टाकायचे तरी होतेस," मी म्हटलं.

"बहिणीच्या हातचं अन्न टाकतात का?" तो खुर्चीतूनच म्हणाला.

परत येऊन मी त्याला न विचारता मोजा काढला. दोन बोटं काळी पडली होती. तो म्हणाला डॉक्टरला दाखवलंय, सोमवारी ती काढणार आहेत, दुखत वगैरे काही नाही. मला सांगितलं नाही, कारण माझी राजधानीत बैठक होती आणि उगीच जीवाला घोर कशाला.

शुक्रवारी मी भाषणाचे कागद गाडीतच ठेवले. बैठकीत उभी राहिले आणि पातेलं, फॉर्म, फ्रीझर, बोटं, सगळं सांगून टाकलं. म्हटलं, हे चारशे तीन अभिप्राय खोटे आहेत. लोक वाईट नाहीत, लोक सभ्य आहेत. यांच्या भरवशावर ठराव केलात तर शंभर काउंट्यांत लोक आपल्यासमोर एक खातील आणि आपण गेल्यावर दुसरं. आणि आपण टाळ्या वाजवत राहू.

सगळे फार जिव्हाळ्याने ऐकत होते. एका पाद्र्याने डोळे पुसले. प्रशिक्षक म्हणाले की इतकं मनापासूनचं बोलणं या खोलीत कधी झालं नाही. अध्यक्ष डॉक्टर गॅलोवे तर खुर्चीतून उठून माझ्याजवळ आले आणि दोन्ही हातांत माझा हात घेतला. "मिसेस टालबर्ट, तुम्ही फार सुंदर बोललात. तुमच्या भावासाठी आम्ही सगळे प्रार्थना करू."

मग ते जागेवर जाऊन बसले आणि त्यांनी ठराव वाचून दाखवला. एक शब्दही बदललेला नव्हता. बाजूने हात वर करा म्हणाले, दहा हात वर झाले. "विरोधात?" असं त्यांनी कागद आवरता आवरताच विचारलं, कारण नऊ वर्षांत या समितीत विरोधात कुणी हात वर केलेला नाही.

मी केला.

डॉक्टर गॅलोवे थांबले. मला हात खाली घ्यायला पुरेसा वेळ देऊन हसून म्हणाले, "काही प्यायला हवंय का तुम्हाला?"

"नाही डॉक्टर. मी विरोध करतेय."

कुणी माझ्याकडे बघेना. शेजारच्या बाईने माझी पेन्सिल खाली पडली होती ती उचलून दिली, तीही अदबीने. ठराव दहा विरुद्ध एक मंजूर झाला. बाहेर पडताना आठ जणांनी मला मिठी मारली.

तीन तास गाडी चालवून दिवस मावळायच्या आत मी लेमकडे पोचले. तो तिथेच बसला होता.

"काय गं, कशी झाली बैठक?"

"वाईट," मी म्हटलं. "तुझ्या बहिणीचं कुणी ऐकलं नाही. आणि भाजीही वाईटच होती, मला आता कळलंय. तुला बरं वाटावं म्हणून मी काही खोटं बोलणार नाही, आणि तूही बोलू नकोस."

तो खुर्चीच्या हातावरचं कापड नखाने उकरत होता. आम्ही दोघं लहान असताना बाबांनी मारलं की तो असाच बसायचा आणि लागलं नाही म्हणायचा.

"पाय दुखतो, वर्नी," तो म्हणाला. "फार दुखतो. झोप लागत नाही मला. आणि सोमवारची भीती वाटते."

"कधीपासून दुखतोय?"

"ईस्टरपासून."

ईस्टर एप्रिलमध्ये होऊन गेला होता, आणि आता ऑक्टोबर संपत आला होता. सगळा उन्हाळा आमच्या शनिवारच्या चालण्यात लेम माझ्या पुढे होता, आणि मी मागून ओरडून लोकांना सांगत होते, त्याच्याकडे बघा, असं चालायचं असतं.