शिंगाच्या तोंडीतली फट

खाजा मिया खरादी यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि त्यांचं बारीक काम बंद पडलं. हुक्क्याच्या नळ्या ते अजून नुसत्या बोटांच्या अंदाजानं घडवत. पण पेन्शनीवर आलेल्या लालसिंगांच्या तंबाखूच्या पायपाची तोंडी हे वेगळं काम होतं. दातांत धरायचा भाग चपटा आणि पातळ, आणि त्याच्याही पोटात धुराला फट पाडायची.

शिंग लालसिंगांच्या मेलेल्या म्हशीचं होतं. शिंगाचं टोकच तेवढं भरीव असतं, त्यात एकच तोंडी निघते. दुसरं शिंग म्हशीनं जितेपणीच मोडून घेतलं होतं.

खाजा मियांनी गोल भोक पाडलं आणि तोंडी नातीच्या हातात दिली. कमरजहाँ बारा वर्षांची. फट नीट निघाली तर यापुढं दुकानातलं बारीक काम तिचं, शिंग फुटलं तर नाही, असं आजा-नातीत ठरलं होतं.

लालसिंग समोरच बसले होते. "खाजाभाई, पोरगी हुशार हाय तुमची. पण शिंग माझं हाय."

"तोंडबी तुमचंच हाय. जरा मिटून ठेवा."

कमरजहाँनं करवतीची बारीक पात भोकात सरकवली आणि आजाला विचारलं, "दादा, भोक तर हाय. मग फट काहून?"

"पाटाचं पाणी वाफ्यात सोडताना तोंड अरुंद ठेवलं तर काय होतं?"

"एकाच जागी खड्डा पडतो."

"आन् रुंद केलं तर?"

"पसरतं."

"लालसिंगांच्या जिभंवर खड्डा नको. धूर पसरव."

ती हसली आणि कामाला लागली. थोडं कापायचं, थोडं थांबायचं, मग फुंकर. डावी बाजू झाली. उजवीकडं वळताना पात एकदम घसरली.

"दादा, पात वर गेली."

"थांब. खालचं भोक मेणानं बुजव, वरून पाणी भर आन् बाहेर झिरपतं का बघ."

तिनं तोंडी उभी धरली. थोड्या वेळानं काळ्या शिंगावर बाहेरून एक थेंब दिसला.

"गेलं," लालसिंग म्हणाले.

खाजा मियांनी तिचा हात चाचपला. "हात भिजलेला हाय तुझा. थेंब घामाचा का पाण्याचा, कसं वळखशील? घरातून हळद आण."

आतून आजीचा, अमीरबीचा, आवाज आला, "पायपाला हळद? लगीन ठरलं काय त्याचं?"

हळदीचं पाणी भरलं. कमरजहाँनं तोंडी बाहेरून कोरडी केली, पुन्हा तशीच धरली. पुन्हा थेंब आला. तिनं पांढऱ्या मलमलीच्या चिंधीनं तो टिपला.

"रंग सांग," खाजा मिया म्हणाले.

तिनं चिंधी उजेडात धरली. उलटी करून पाहिली. "रंग न्हाई, दादा. नुसती ओली हाय."

लालसिंगांनी चिंधी तिच्या हातातून घेतली, डोळ्यांजवळ नेली, आणि हळूच परत दिली. "घामच हाय पोरीचा," ते म्हणाले. "उजवी बाजू सावकाश कर, बेटा. मला कुठं जायाचं न्हाई."

कमरजहाँनं हात फडक्याला पुसले, तोंडी धुतली आणि पात उचलली. खाजा मिया इतका वेळ तिच्याकडं वाकून बसले होते. त्यांनी भिंतीला पाठ टेकली, पाय लांब केले आणि अमीरबीला चहा ठेवायला सांगितलं.