ती खेकसली

"थांबा, थांबा, थांबा!" काचेपलीकडून रेकॉर्डिंगवाल्याने दोन्ही हात उडवले आणि कानावरचा हेडफोन मानेवर उतरवला. "बाई, पुन्हा तेच! पुढे काय छापलंय ते बघा की जरा. 'ती खेकसली.' आणि तुम्ही वाचताय कसं, तर शेजारणीकडे वाटीभर साखर मागितल्यासारखं."

"मग तिचं वाक्य वाचा तुम्ही," बाई म्हणाल्या. "'पाणी तापलंय.' एवढंच. आता यात खेकसण्यासारखं काय आहे ते मला सांगा. पाणी तापलं तर तापलं म्हणू नये का बाईमाणसाने?"

रेकॉर्डिंगवाल्याने कपाळाला हात लावला. भला माणूस होता, पण त्याला पाच वाजता घरी जायचं असायचं आणि हे पुस्तक काही हलायचं नाव घेत नव्हतं.

बाईंची सारी नोकरी बसस्थानकावर गेली. चौकशीच्या खिडकीत बसायचं आणि कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागतेय ते माइकवरून पुकारायचं. माइक बिघडला तरी कुणाची गाडी चुकायची नाही, असा आवाज. निवृत्त झाल्यावर त्या अंधांच्या वाचनालयासाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करून द्यायला लागल्या. सध्या हातात होती ती फार जुनी, फार थोर म्हणून गाजलेली कादंबरी. ती सांगतो एक नवरा. मी असा, मी तसा, मी सोशिक, मी उसासे टाकत खिडकीशी उभा. आणि बायको कशी, तर कजाग. पानोपानी खेकसणारी, फणकारणारी, गरजणारी.

पहिले काही दिवस बाईंनीही काय मजा उडवून दिली होती! बायकोचं वाक्य आलं की असा काही आवाज लावायच्या की रेकॉर्डिंगवाला हसून हसून डोळे पुसायचा. पण आज सकाळी त्या घरी पुढचं प्रकरण तयार करत बसल्या. त्यांची एक पद्धत होती. श्वास कुठे घ्यायचा हे ठरवायला आधी नुसती संवादांची वाक्यं तेवढी मोठ्याने म्हणून बघायची, मधलं सगळं सोडून. तशी त्यांनी त्या बायकोची वाक्यं ओळीने म्हटली. पाणी तापलंय. जेवून घ्या. दार लोटून घ्या, वारा येतोय. खोकला बरा आहे का आज?

आणि त्यांनी तीच वाक्यं पुन्हा एकदा म्हटली. अरे, ही बाई भांडतेय कुठे?

"पण लेखकाने लिहिलंय ना खेकसली म्हणून!" रेकॉर्डिंगवाला अजून त्याच मुद्द्यावर होता.

"लेखकाने नाही, त्या नवऱ्याने. गोष्ट तो सांगतोय."

"अहो, पण तो नवरा लेखकानेच बनवलाय ना?"

"हो ना! म्हणजे लेखक हुशार आहे. त्याने तिची वाक्यं जशीच्या तशी ठेवलीत आपल्यासमोर. गाढव आपण. नवऱ्याने खेकसली म्हटलं, आपण माना डोलावल्या."

"वाचा बाई, तुमच्या मनासारखं वाचा," तो हेडफोन चढवत म्हणाला. "तक्रार आली तर मी तुमचं नाव सांगणार."

"सांगा. खेकसून सांगा."

बसमधून घरी येताना बाईंच्या डोक्यातून ते जाईना. कारण साधं होतं. काल संध्याकाळी त्यांनी सुनेचं फोनवरचं बोलणं ऐकलं होतं. मुद्दाम नव्हे, घरच एवढं लहान. सून तिच्या आईला सांगत होती, "सोमवारपासून मला कामावर जायचंय गं. पाळणाघर बघून आले. इकडच्या आईंकडे ठेवायला जरा भीतीच वाटते. बाबा सांगतात ना, फार तापट आहेत त्या."

नात आठ महिन्यांची. पिटुकली म्हणायचे सगळे. नोकरीपायी स्वतःच्या मुलाचं रांगणं बाईंनी कधी धड पाहिलं नव्हतं. आता हिचं बघू, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. आणि ही म्हणे पाळणाघर! का, तर बाबा सांगतात!

बाबा म्हणजे बाईंचा नवरा. स्वभावाने लोणी. कधी अंगावर हात नाही, शिवी नाही, व्यसन नाही. पण गोष्टी सांगायची भारी हौस, आणि सगळ्या गोष्टींत पात्र एकच: "आमची तोफ." चार माणसं जमली की तोफेला बत्ती द्यायची, लोकांनी पोट धरून हसायचं. बाईही हसायच्या. हसल्या नाहीत तर आणखी एक गोष्ट तयार व्हायची ना!

रात्री जेवताना त्याने नेमकी तीच सुरू केली. मुलगा कामासाठी परगावी होता, म्हणून श्रोता एकटी सून. पिटुकली आत झोपलेली.

"तुला हॉस्पिटलची गोष्ट सांगितली का मी? माझी आई आजारी होती तेव्हाची. कामावरून सुटलो की मी थेट तिच्याजवळ जाऊन बसायचो. एकदा असाच स्टुलावर बसलोय बिचारा, तर दारात आमची तोफ! कमरेवर हात! आणि अशी गरजली, 'तुम्ही घरी जाऊन झोपा! मी बसते!' अख्खा वॉर्ड उठून बसला. नर्सच्या हातातला ट्रे खाली. मी असा पळालो, चपला उलट्या पायांत!"

सून हसली, पण घाबरत हसली. ते बाईंना दिसलं आणि त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला.

"एक मिनिट," त्या म्हणाल्या. "मी काय म्हणाले होते?"

"अगं तेच की. गरजलीस..."

"गरजले ते राहू द्या बाजूला. ट्रेही राहू द्या. मी म्हणाले काय, तेवढंच सांगा."

"आता तेवढंच काय सांगायचं? त्यात काय मजा?"

"सांगा तर खरं."

नवऱ्याने सुनेकडे पाहिलं, मग पानाकडे. आणि आपल्या नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाला, "तुम्ही घरी जाऊन झोपा. मी बसते."

कुणीच हसलं नाही. हसण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं.

"मग बाबा, तुम्ही गेलात?" सुनेने विचारलं.

"गेलो की. थकलो होतो गं. जाऊन झोपलो."

"आणि आई?"

"ही बसली."

"रोज?"

त्याने पाण्याचा पेला उचलला आणि तसाच खाली ठेवला. "माझी आई जाईपर्यंत," तो म्हणाला. मग ओशाळून हसला. "पण आवाज मोठा होता हं! हे कबूल कर."

"मोठाच आहे माझा आवाज! माझ्या वडलांना ऐकू यायचं नाही, लहानपणापासून ओरडल्याशिवाय बोलणं पोचायचंच नाही. आवाज मोठा म्हणजे राग नव्हे, देवा! लग्न झाल्यापासून तुम्ही मला चारचौघांत खेकसवताय. वैताग आलाय मला, वैताग!" रडू दाटलं की बाईंचा आवाज आणखीच चढायचा. त्या सुनेकडे वळल्या. "सोमवारी तू कामावर जा. मी बसते पिटुकलीजवळ!"

ते असं काही बाहेर पडलं, जणू फलाटावरची शेवटची गाडी सुटतेय. आत पिटुकली दचकून रडायला लागली. सून उठून आत गेली.

झालं. केली माती. बाई ताटं गोळा करून मोरीशी गेल्या आणि नळ सोडून भांडी घासायला लागल्या. नवरा दारात येऊन उभा राहिला. त्याच्या तोंडी गोष्ट नव्हती. त्याने फडकं घेतलं आणि भांडी पुसायला लागला.

आतलं रडणं थांबलं. थोड्या वेळाने सुनेचा दबका आवाज आला, फोनवरचा. बाईंनी नळ बंद केला. ऐकायचं नव्हतं त्यांना, पण केला.

"अगं आई, ते पाळणाघराचं राहू दे. नको आता. इकडच्या आईच म्हणाल्या, 'तू कामावर जा, मी बसते.'"

मग पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं.

"छे गं," सून म्हणाली. "ओरडल्या वगैरे नाहीत. म्हणाल्या."

बाईंचे दोन्ही हात साबणाने भरलेले होते. डोळे पुसायला त्यांनी नवऱ्यापुढे चेहरा केला, आणि त्याने फडक्याचं कोरडं टोक शोधून ते पुसले.