फर्माईश नसलेलं गाणं

ज्ञानोबानं चालू रेडिओ तसाच छातीशी धरला आणि तो शेजारच्या भिंतीकडं धावला.

"आप्पा! ओ सिद्रामप्पा! लौकर या!"

भिंतीपलीकडून सिद्रामप्पा उष्ट्या हातानंच बाहेर आला.

"घास तोंडात हाय माझ्या. घर पेटलं का काय?"

"हिचं गाणं लागलंय. संपायच्या आत ऐका."

त्या दुपारी रेडिओवर कुणी फर्माईश करत नाही अशी गाणी चालली होती. संबळावरचा गोंधळ झाला, घोगऱ्या आवाजातली एक कव्वाली झाली, मग नुसती सनई. त्याची बायको द्वारकाबाई उन्हाळ्यात वारली, तेव्हापासून ज्ञानोबा रोज दुपारी रेडिओ घेऊन बसायचा. आज सनई थांबली आणि कानडी बायकांचा आवाज आला.

द्वारकाबाई कानडी मुलखातल्या आळंदची. संध्याकाळी भाकरी थापताना ती हेच म्हणायची. घरात कुणालाच कानडी येत नव्हती. तसं या वाशी गावात कानडी येणारं होतं तरी कोण? सिद्रामप्पा दिवाळीनंतर कानडी सीमेजवळच्या मुरुमहून बदलून आला, तोवर द्वारकाबाईनं अंथरूण धरलं होतं.

"बापाला काय गाऱ्हाणं सांगती, तेवढं कळू द्या मला," ज्ञानोबा म्हणाला. "आमच्या घरात तिला काय सलत होतं ते."

"कुठला बाप?"

"दर ओळीला हाक मारती की. बा, बा."

सिद्रामप्पाला हसू फुटलं. ज्ञानोबाचा चेहरा बघून त्यानं ते आवरलं.

"आवो, कानडीत बा म्हंजी ये. दिवस बुडाला, भाकर तव्यावर हाय, रानातनं घरला ये म्हणती. नवऱ्याला."

गाणं संपलं. ज्ञानोबानं रेडिओ भिंतीवर ठेवला, पण हात काढला नाही.

"हे म्हणाया लागली की म्या तिला माहेरला धाडायचो. सोताहून एसटीत बसवून द्यायचो."

"आन् वैनी जायच्या?"

"जायची. दुसऱ्या दिवशी माघारी. म्या म्हणायचो, एवढ्या हाका मारतीस बापाला, मग राहत का न्हाईस? नुसती हसायची."

"बेरकीच होत्या की वैनी!"

"लई."

रेडिओवर कुणीतरी हलगी वाजवत होतं. सिद्रामप्पा हात धुवायला वळला.

"आप्पा, कुणी बा म्हणलं तर तुमच्यात उत्तर काय देत्यात?"

"बंदे. म्हंजी आलो."

आतून सून शिवकन्येनं हाक दिली.

"मामा, चहा निवतोय. येताय न्हवं?"

ज्ञानोबानं घसा साफ केला.

"बंदे," तो म्हणाला.

"आं? काय म्हणलात?"

त्यानं पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं म्हटलं.