एर्मिंदाची डावी बाजू

आमच्या एलिएसेरला एका जागी बसवत नाही. लहानपणीही बसवत नव्हतं, पण तेव्हा एक चपराक पुरायची. आता बेचाळीस वर्षांचा घोडा झालाय, म्हणून मी नुसती बघते. उजाडलं की ठोकाठोक सुरू. न्याहारी उभ्यानं, जेवण उभ्यानं. हातातल्या फोनवर कोणी परका माणूस जुनी बोट नवी कशी करायची ते दाखवतोय आणि हा तोंडातला घास चावायचा विसरून त्याच्याकडे बघतोय. जिनं चाळीस वर्षं त्याच बोटीचे सांधे भरले ती सख्खी आई समोर बसलीय, तिला काही विचारावं असं त्याच्या मनातही येत नाही.

बोट म्हणजे एर्मिंदा. माझ्या नवऱ्यानं, कुस्तोदिओनं, लग्नानंतर दुसऱ्या वर्षी ती बांधली आणि तिला माझं नाव न देता स्वतःच्या आईचं दिलं. ते मी अजून विसरलेले नाही. सायप्रस झाडाच्या फळ्यांची, सात मीटरची, मधोमध एक इंजिन, ते खोकत खोकत चालायचं. कुस्तोदिओ गेला आणि बोट चार वर्षं छपराखाली कोरडी पडली. फळ्या इतक्या आकसल्या की सांध्यांतून पलीकडचं गवत दिसायचं.

एलिएसेर अठरा वर्षं दक्षिणेला सॅमन माशांच्या पिंजऱ्यांवर कामाला होता. ऑक्टोबरात बायकोला, यास्नाला, घेऊन आला आणि चुलीसमोर उभ्या उभ्या म्हणाला, "आई, बोट नीट करतो. जानेवारीच्या जत्रेला आपल्या बेटावरची माणसं पलीकडं नेईन, आणीन. जमलं तर इथंच राहतो. नाही जमलं तर परत पिंजऱ्यांवर."

मी म्हटलं, "तुझी मर्जी." आणि बाहेर जाऊन कोंबड्यांना दाणे टाकले. त्यांना सकाळीच टाकून झाले होते.

काही कामं त्यानं चांगली केली, खोटं कशाला लिहू. खोकणारं इंजिन काढलं. मागची फळी कापून तिथं उल्मोचं जाड लाकूड बसवलं, नवं इंजिन मागे लटकवायचं म्हणून. ते लाकूड असं बसलं की सांध्यात नख शिरेना. पुढं काचेची केबिन केली, दिवे लावले. मी चहाची किटली घेऊन जायचे, बघायचे, काही न बोलता परत यायचे. माझ्या न बोलण्यात कौतुक होतं, पण ते त्याला कसं कळणार.

मग डिसेंबरात त्यानं डबे आणले.

"हे काय?" मी विचारलं.

"सांधे भरायला."

"काथ्या कुठाय?" आमच्याकडं आलेर्से झाडाच्या सालीचा काथ्या सांध्यात ठोकतात. माझ्या सासूनं ठोकला, मी ठोकला.

"काथ्या गेला आता, आई. हे दोन डबे कालवायचे, भरायचे, रात्रीत दगड होतो. थेंब आत येणार नाही."

"आणि फळी फुगेल तेव्हा कुठं जाईल?"

"फुगणारच नाही. वरून रंग देणार ना."

"लाकूड आहे ते. तुझ्या रंगाला विचारून फुगत नाही. काथ्या सैल भर, तळाचं बूच काढ, किनाऱ्यावर ठेव, तीन भरत्या पाणी पाज. भरती आत येईल, ओहोटीला निघून जाईल. मग सांधे ठोक."

"तीन भरत्या! आई, ही काय तुझ्या मिल्काओची कृती आहे, बटाटा किसला, दाबला, टाकला तव्यावर?"

यास्ना हसली. त्याचं बोलणं मला लागलं नाही, तिचं हसणं लागलं. मी मागे फिरले आणि ठरवलं, या बोटीबद्दल तोंडातून अक्षर काढायचं नाही. अकरा दिवस काढलं नाही. ते माझं चुकलं. हे मी इथं लिहिते, त्याला सांगितलेलं नाही.

पण गप्प बसणं म्हणजे स्वस्थ बसणं नव्हे. त्या अकरा दिवसांत माझी भाकरी दोनदा करपली. विणायला घेतलेला मोजा टाचेशी तीनदा उसवला. दारात जायचे, वारा कुठून आहे बघायचे, आत यायचे, पुन्हा दारात. पायाखाली निखारे असल्यासारखं चाललं होतं. तो फळीमागून फळी बुजवत होता आणि मला पाण्यात फुगणारं लाकूड दिसत होतं. दोन्ही बाजूंनी दगड, हलायला जागा नाही. अशी फळी मग बाहेर पडते. खिळे उपटून बाहेर पडते. आणि ते किनाऱ्यावर होईलच असं कुणी सांगितलंय?

गावात तोवर बारा जणांनी जागा सांगून ठेवल्या होत्या. शुक्रवारी चारला निघायचं, जत्रेला.

त्याच्या आधीच्या सोमवारी तो इंजिन आणायला सकाळच्या लाँचनं पलीकडं गेला. लाँच खडकामागं गेली तशी मी कुस्तोदिओची सांधे उकरायची लोखंडी आकडी काढली.

आता मनात काय होतं ते सांगते. मी हे केलं तर पोरगा चिडणार. चिडला तर जाणार, आणि या वेळी गेला तर मला मातीत घालायलाच परत येणार. नाही केलं तर खूश राहणार आणि बुडणार. बोटीशी उभी राहून मी हे दोन्ही बाजूंनी तोलून पाहिलं, आणि मग आकडी पहिल्या सांध्यात घातली.

दगडच होता तो. छिन्नीनं फोडावा लागत होता. हाताच्या शिरा तट्ट झाल्या. दोन सांधे उकरून झाले तेव्हा मागून आवाज आला.

"आई! काय करताय तुम्ही?"

यास्ना. हातात धुतलेल्या कपड्यांची टोपली.

"दिसत नाही?"

"त्याला कळलं तर तो तुम्हाला..."

"मला काय? मारेल? मीच त्याला मारत आलेय."

तिनं टोपली खाली ठेवली. मग म्हणाली, "तो झोपत नाही हल्ली. उठतो, इथं येतो, बोटीवर हात फिरवतो, परत येऊन पडतो. विचारलं तर म्हणतो, सगळं ठीक आहे."

"मग तू काय म्हणतेस?"

"मी पुंता अरेनासची, शहरातली. मला बोटीतलं काय कळतं?" तिनं टोपली उचलली. "मी कपडे वाळत घालायला गेले होते. मी काही पाहिलं नाही." दहा पावलं गेली आणि वळून म्हणाली, "पाण्याची बाटली त्या दगडावर ठेवलीय."

त्या दिवसापासून ती मला आवडायला लागली.

दुपारपर्यंत डाव्या बाजूचे पाण्याखालचे चार सांधे झाले. उकरले आणि काथ्या सैल भरला. उजवीला हात लावायला वेळ मिळाला नाही. लाँचचा भोंगा वाजला.

इंजिन खांद्यावर घेऊन आलेल्या पोरानं ते अंगणात आदळलं नाही, हळूच खाली ठेवलं, एवढी अक्कल त्याला होती. डावी बाजू बघितली, मग बोलला. काय काय बोलला ते सगळं लिहीत नाही. शेवटचं लिहिते.

"तुला मी इथं नकोच आहे! सरळ सांग ना तसं! बाबांच्या बोटीवर बाबांशिवाय कुणी बसायचंच नाही!"

माझ्याकडं उत्तर होतं. पण ते देताना मी रडले असते, आणि मी त्याच्यासमोर कुस्तोदिओच्या शवपेटीजवळसुद्धा रडले नव्हते. म्हणून म्हटलं, "सूप गरम आहे." आणि आत गेले.

डबे संपले होते. काम झालं असं समजून त्यानं पलीकडून नवे आणलेच नव्हते. आणि उधाणाची भरती बुधवारी, त्यानंतर पंधरा दिवस एवढं पाणी छपरापर्यंत येणार नाही. तेव्हा बोट जशी होती तशीच पाण्यात ओढायची ठरली. मी चाळीस मिल्काओ केले. ओढायला येणाऱ्यांना खाऊ घालायचं असतं, घरात भांडण असो नाही तर मयत.

बेलार्मिनोभाऊ बैलांची जोडी घेऊन आले. कुस्तोदिओचे जुने सोबती, जीभ माझ्यापेक्षा एक इंच कमी. बोटीभोवती फिरले, टोपी मागं सारली.

"वहिनी, एक बाजू गुळगुळीत, एक बाजू केसाळ. ही बोट आहे की अर्धी दाढी करून पळालेला पाद्री?"

सगळे हसले. एलिएसेर हसला नाही, मीही नाही. आम्ही दोघं एकमेकांसारखे दिसतो तेव्हा, असं यास्ना नंतर म्हणाली.

बैल जुंपले, ओंडके घातले, एर्मिंदा पाण्याला लागली. यास्ना आधीच पुढं चढून बसली होती, डोक्याला रुमाल, पाय लोंबकळत. पहिली फेरी तिची, असं तिनं ऑक्टोबरातच कबूल करून घेतलं होतं. एलिएसेर कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. त्यानं उजव्या बाजूवर तळहात ठेवला, तसाच ठेवून राहिला. मग म्हणाला, "यास्ना, उतर."

"का?"

"उतर म्हणतो ना."

"तीन महिने लाकडाचा भुसा खाल्लाय मी तुझ्यासोबत. उतरत नाही."

"दोरी धरायला माणूस पाहिजे किनाऱ्यावर."

"एवढी माणसं उभी आहेत!"

"तू धर. दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही."

ती पाय आपटत उतरली. तो एकटा गेला. इंजिन छान चाललं, खोकला नाही काही नाही. लांबवर वळला आणि लगेच परत फिरला. डाव्या बाजूनं पाणी येत होतं, घोट्यापर्यंत.

"बघा!" तो किनाऱ्यावर सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला. "माझी बाजू कोरडी ठणठणीत! आईची बाजू गळतेय!"

कुणीतरी मागून म्हणालं, "या वयात गळायचंच." मी वळून बघितलं तसं ते कुणी बोललंच नव्हतं.

"पिऊ दे तिला," मी म्हटलं. "बूच काढ आणि पिऊ दे."

त्यानं बूच काढलं नाही, पण बोट उथळ पाण्यात नांगरावर ठेवली, दुसरं करणार काय. भरतीला तरंगायची, ओहोटीला वाळूवर बसायची. तो बादलीनं पाणी उपसायचा आणि मी खिडकीतून उपसलेल्या बादल्या मोजायचे. बुधवारी संध्याकाळी पन्नासच्या वर. गुरुवारी सकाळी वीस. गुरुवारी संध्याकाळी चार. शुक्रवारी सकाळी बादली कोरडीच आत पडून होती. डावी बाजू मिटली होती. त्या दिवशी न्याहारीला तो खुर्चीवर टेकला.

मला मात्र टेकवेना. बारा माणसं चारला येणार होती. दोनदा मी किनाऱ्यापर्यंत गेले, दोनदा परत आले. तिसऱ्यांदा ठरवलं, आता जाते आणि बोटीत आडवी पडते, बघू कोण हलवतं. चप्पल घालत होते तेव्हा आवाज आला. कोरडं झाड मोडावं तसा. मग दुसरा. कुत्री भुंकायला लागली.

दोन वाजले होते. मी पोचले तेव्हा एलिएसेर गुडघाभर पाण्यात बोटीपासून दोन हात दूर उभा होता. हातात दिव्याची तार तशीच. उजव्या बाजूच्या दोन फळ्या फासळ्यांवरून सुटून बाहेर आल्या होत्या, खिळ्यांसकट, आणि मधे त्याचा तो दगड तुकडे होऊन तरंगत होता. पाणी आत शिरत होतं, घाईगडबड न करता. बोट जागच्या जागी खाली बसली. तिथं कमरेपेक्षा जास्त पाणी नव्हतं, म्हणून बसली. सामुद्रधुनीच्या मधोमध ती बसली नसती.

बारा जण दुसऱ्याच्या बोटीनं जत्रेला गेले. बेलार्मिनोभाऊ टोपी काढून गेले, चेष्टा न करता. त्यावरूनच एलिएसेरला कळलं असेल की काय झालंय.

रविवारी दुपारी तो स्वयंपाकघरात आला. पिशवी भरलेली, खांद्यावर. यास्ना मागं दारात, तिची पिशवी तिच्या हातात नव्हती.

"उद्याच्या लाँचनं जातो," तो म्हणाला. "तुझंच खरं झालं. झालं समाधान?"

मी बटाटे सोलत होते. सोलत राहिले.

"एक सांग. बुधवारी हिला बोटीतून का उतरवलंस?"

"दोरी धरायला."

"दोरी बेलार्मिनोभाऊंच्या हातात होती. मी बघत होते."

त्यानं वाकून चुलीत लाकूड सारलं.

"मीही हेच विचारतेय चार दिवस," यास्ना दारातून म्हणाली. "मला पण सांगत नाही."

त्यानं पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "ओढताना बोट ओंडक्यावरून वाकते ना जराशी," तो म्हणाला. "डावी बाजू वाकली. उजवी वाकलीच नाही. करकरली. हात लावला तर... वाटलं, काहीतरी चुकलंय."

"वाटलं, आणि तरी गेलास."

"बारा जणांना सांगून बसलो होतो. सगळा गाव उभा होता. तू उभी होतीस."

म्हणजे अर्धा गुन्हा माझाच होता. तो मी गिळला. सुरी खाली ठेवली, हात पुसले आणि त्याच्या तोंडाकडं बघून जे म्हणायचं ते म्हटलं.

"मग ऐक. सुतार म्हणून तू अर्धा बरा आहेस, अर्धा भिकार. माहीत असून पाण्यात गेलास म्हणून पुरता मूर्ख आहेस. पण बायकोला उतरवलंस. तुझ्या बापानं मला कधी उतरवलं नाही, दोनदा बुडता बुडता वाचले मी त्याच्यासोबत. तेव्हा त्या एका गोष्टीत तू त्याच्याहून वरचढ निघालास, आणि हे मी पुन्हा म्हणणार नाही. लाँच उद्या तुझ्याशिवाय जाईल. मला तू इथं हवा आहेस. आणि ती उजवी बाजू तूच उखडायचीस, स्वतःच्या हातानं, मी फक्त शेजारी बसून शिव्या देणार."