मागची फळी

धाकटीचा हात फिरला की म्हातारी बोटसुद्धा नवरी दिसते, असं तिचे सासरे म्हणत. एवढं एक सोडलं तर त्या घरात तिच्या कौतुकाच्या नावाने खडखडाटच होता. पाण्याच्या काठाला पत्र्याची शेड, शेडला चिकटून दोन खोल्या, आणि शेडमध्ये वर्षभर येत-जात असलेल्या जुन्या बोटी. सासरे इंजिन बघायचे, नवरा ट्रेलर बघायचा, आणि फायबरच्या भेगा भरणं, घासणं, वर रंगाचा चकचकीत थर चढवणं हे धाकटीचं. तेवढा वेळ आठ महिन्यांचं बाळ सासूबाईंच्या कडेवर.

या खेपेची बोट मोठी तोऱ्याची होती. लालभडक, टोकदार, आणि नाक उघडं. म्हणजे काचेच्या पुढेही दोन्ही बाजूंना गाद्यांची बाकं, वाऱ्यावर केस उडवत बसायला. मुलं भांडतात ती नेमकी त्या जागेसाठी. धाकटीने मागची बाजू घासायला घेतली आणि सवयीने हातोडीच्या दांड्याने ठोकत गेली. टण. टण. टण. इंजिन टांगलं होतं तिथे मात्र थप. ओल्या कणकेवर थापटी मारावी तसा आवाज. फायबरच्या पोटात तिथे लाकडाची जाड फळी असते, इंजिनाचा सगळा भार तिच्यावर. ती कुजली होती. भर वेगात सुटली तर इंजिन तळाशी जाणार आणि पाणी बोटीत येणार.

"अप्पा, मागची फळी गेलीये," ती सासऱ्यांना म्हणाली.

"वरून दिसतंय?"

"वरून नाही दिसत."

"मग गेली नाही. भर."

तिने भरलं. तीनदा घासलं, दोनदा रंग दिला. बोट झाली नवरी.

आणि मग कळलं, बोट बघायला येणारं गिऱ्हाईक म्हणजे तिचाच दादा. सख्खा, मोठा भाऊ. फोनवर तिला म्हणाला, "तुझ्या घरची वस्तू, तिच्यात काय बघायचंय?" दादाला दोन मुली. त्या पुढच्याच बाकावर बसणार, आणि त्यांतली लहानी "आत्याच्या घरची बोट" म्हणून टाळ्या पिटणार.

सासूबाईंनी तिचा चेहरा वाचला. बाळाचं नाक पुसता पुसता म्हणाल्या, "माहेरचा पुळका आला तर खुशाल जा हो त्याच्या गाडीत बसून. पण एकटीने. हे आमचं आहे."

नवरा तिथेच होता. ट्रेलरच्या चाकातून त्याने मान वर केली नाही.

दुपारी दादा यायच्या अर्धा तास आधी अप्पांनी पाण्याची नळी लावून इंजिन चालवून तापवून ठेवलं. थंड असताना ते सात-आठ वेळा खोकल्याशिवाय उठत नसे. बोटीतल्या मऊ पडलेल्या फरशीवर नवा गालिचा आला, गालिच्यावर अत्तर आलं. दादा आला, गाडीमागे रिकामा ट्रेलर जोडून आला. बोटीत चढला, स्टेअरिंग फिरवलं, गाणी लावून बघितली, पुढच्या गादीवर ढुंगण आपटून बघितलं. अप्पांनी किल्ली फिरवली. पहिल्या फटक्यात चालू.

"बघा पाहुणे, मांजरासारखं घुरघुरतंय. पाण्यात घालू?"

"कशाला? घरचा मामला. उगाच ओली कशाला करा."

धाकटीला रडू यायचं बाकी होतं. इतका कसा भोळा माणूस! साधं झाकण उघडून तेल बघितलं नाही, गादी उचलून खाली बघितलं नाही. लहानपणी याच दादाने तिला पोहायला शिकवलं होतं. हात सोडायच्या आधी दर वेळी सांगायचा, "चिमे, मी आहे खाली." आणि असायचा.

बाळ भुकेने किरकिरायला लागलं म्हणून सासूबाईंनी ते तिच्याकडे दिलं आणि त्या चहा टाकायला आत गेल्या. अप्पा कागद आणायला गेले. धाकटी बाळाला पदराखाली घेऊन बोटीच्या मागे आली आणि तिने दादाला खुणेने बोलावलं.

"दादा, ठोक इथे."

"काय गं?"

"ठोक तर. आता इथे. आता इथे."

टण. टण. थप.

"पोरींना हिच्यात बसवू नकोस," तिच्या तोंडून शब्द धडाधड आले. "आतली फळी कुजलीये. मीच झाकलंय. माझ्याच हाताने."

दादाने स्वतः पुन्हा ठोकलं. कान लावून ऐकलं. "अजून काय काय?"

तिने सगळं सांगितलं. आधीच तापवून ठेवलेलं इंजिन, दबणारी फरशी, पिळली तर बादलीभर पाणी निघेल अशा गाद्या. सांगता सांगता तिचं अंग हलकं होत गेलं. बाळ चुटूचुटू पीत होतं. दादाने बाळाच्या टाळूवर हात फिरवला, "गुणाची गं माझी बहीण," म्हणाला, आणि कागद घेऊन परतलेल्या अप्पांच्या समोर तडक जाऊन उभा राहिला.

"अप्पा, तुमची सूनबाई काय सांगतेय, ऐकलंत का?"

आणि त्याने एकेक बोट मोडत सगळं म्हणून दाखवलं. फळी, इंजिन, फरशी, गाद्या. पाढे म्हणावेत तसं. सासूबाई चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबल्या.

अप्पांचं तोंड पडलं. दादा हसला. "अहो, घाबरताय काय? मला कुठे बसायचंय हिच्यात! माझ्या पोरी तर पाण्याजवळ फिरकत नाहीत. माझं गिऱ्हाईक तयार आहे. शाळामास्तर आहे, तीन लेकरं, जन्मात बोट बघितली नाही. रविवारी येतोय. फळीचं काय ते मला तुम्ही पाठवलेल्या पहिल्या फोटोतच कळलं होतं, इंजिन जरासं कललेलं होतं. फक्त तुमच्याच घरातून कुणी बोललं की भाव खाली आणायला बरं पडतं. आता अर्धी किंमत लावा, म्हणजे झालं."

अप्पांना असं हसू फुटलं, की डोळ्यांतून पाणी आलं. "पाहुणे, तुम्ही तर आमच्याही वरचढ निघालात! अहो, सोयरीक करताना हे कळलं असतं तर सुनेऐवजी तुम्हालाच आणलं असतं!"

दोघांनी चहा घेतला. नवराही हसला, थोडा उशिरा.

"चिमे," कप ठेवत दादा म्हणाला, "मागे एक बारीक सुरकुती दिसतेय. एकदा हात फिरव. तुझ्यासारखा हात कुणाचा नाही."

सासूबाईंनी बाळ ओढून घेतलं. त्याचं अर्धं पिणं व्हायचं होतं. ओठांना दूध तसंच होतं. "तोंड चालवायला वेळ आहे ना? आता हात चालव. काम झाल्याशिवाय याला बघायचंसुद्धा नाही."

धाकटी शेडमध्ये गेली. भेगा भरायच्या लगद्याचा डबा होता, तो लिंपायची पत्ती होती, तिचा तो मऊ ब्रश होता. तीन लेकरं, तिच्या मनात आलं. मोठी दोघं कडेला बसतील. सगळ्यांत लहान असतं ते नेहमी नाकाशी, मधोमध.

तिने भिंतीवरचा लोखंडी घण काढला.

पहिल्या घावाला तिचा स्वतःचा रंग फुटला, काचेसारखा. दुसऱ्याला फायबर आत गेलं आणि भोकातून काळा, ओला भुसा भळाभळा बाहेर पडला, चहाच्या चोथ्यासारखा. अप्पा ओरडत धावले आणि घण फिरताना बघून लांबच थांबले.

"वेड लागलं का हिला! आता भंगारवालासुद्धा घेणार नाही!" दादा म्हणाला, आणि रिकामा ट्रेलर गाडीला नीट लागलाय ना ते बघायला वळला.

"दादा," ती धापा टाकत म्हणाली, "मला आणि बाळाला..."

"माझ्या गाडीत जागा नाही, चिमे." गाडीत बसून त्याने काच वर केली.

खोलीच्या दाराला आतून कडी लागल्याचा आवाज आला. मग बाळाचा. भुकेला, फाटका, आईला ओळखणारा आवाज. तो ऐकल्याबरोबर धाकटीच्या छातीत दूध दाटून आलं आणि पदर ओलाचिंब झाला.

ती दाराकडे बघत उभी राहिली. मग वळली. बोटीची डावी बाजू अजून शाबूत होती. तिने घण उचलला.