अज्जाची कापलेली नस

तास संपत आला तसं मेडिकलच्या वर्गात सिद्धेश्वरीला बाकावर बसवेना. सरांनी फळ्यावर मेंदूपासून थेट पोटापर्यंत उतरणारी लांबलचक रेघ ओढली होती. ही व्हेगस नावाची नस. जठराला आम्ल सोडायचा हुकूम हीच पोचवते. अल्सरवर चांगली औषधं नव्हती त्या काळात सर्जन पोट उघडून ही नसच कापून टाकत.

"आता असा पेशंट तुम्हाला पुस्तकातच भेटायचा," सर म्हणाले.

"सर, आमच्या घरी आहे बहुतेक!" ती ताडकन उभी राहिली. अख्खा वर्ग हसला.

तिच्या अज्जाच्या, म्हणजे आजोबांच्या, पोटावर बेंबीपासून वर छातीपर्यंत जुना व्रण होता. शिवयोगी अज्जा तरुणपणी रात्र रात्र जागून ट्रक चालवायचे, पोटात जखम झाली, ऑपरेशन झालं, एवढंच तिला ठाऊक होतं. ती स्कूटरवरून सुसाट घरी आली.

"अज्जा, डॉक्टरांनी तेव्हा काय कापलं तुमचं?"

"पोटाची तार कापली म्हनाले की! का गं?"

तिनं अज्जांना मिठीच मारली.

पुढच्याच आठवड्यात सरांच्या बोलावण्यावरून अज्जा वर्गात आले. पांढरंशुभ्र धोतर, कपाळावर भस्माचे पट्टे, पुढच्या बाकावर गिरिजाबाई अज्जी. सिद्धेश्वरीची छाती अभिमानानं फुगली होती. पोरं व्रण बघायला माना उंचावत होती आणि अज्जा रंगात आले होते.

"तार कापल्यापास्नं मी राजा! जागलो काय, मिरच्या खाल्ल्या काय, पोटाला पत्ताच न्हाय!"

हशा पिकला. सरांनी त्यांना विचारून छातीच्या हाडाखाली दोन बोटं दाबली. अज्जांचं हसू जागच्या जागी थिजलं.

"दुखतंय?"

"उलीसं. जरासंच."

"उलीसं कुटलं?" अज्जी उठल्याच. "झोपेतनं उठून बसत्यात पोट धरून. मग त्या मोबाइलवर कन्नड नाटकं बघत जागत्यात. गुडघ्याच्या गोळ्या तर चन्यासारख्या खात्यात!"

 एका घरात राहून सिद्धेश्वरीला हे दिसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सरांनी तोंडातून दुर्बीण घालून पोट तपासलं. नवा अल्सर. तिथला तुकडा तपासून आला, सुदैवानं कॅन्सर नव्हता. सरांनी अज्जांना समोर बसवलं.

"आजोबा, नस कापली म्हणजे पोटाला कवच मिळालं असं नाही. एखादा धागा राहून जातो, आम्ल थोडंफार तयार होतच राहतं. आतल्या अस्तराला ओरखडे पाडले ते तुमच्या गुडघ्याच्या गोळ्यांनी. शिवाय जंतूही सापडलेत."

"आन् जागरन?"

"झोपेत शरीर जखमा भरायचं काम करतं. तुम्ही त्याला ते करूच देत नाही. दुखलं म्हणून जागायचं, जागलं म्हणून जखम भरायची नाही. हे चक्र तोडायला हवं."

"पन ह्या तारेतनं पोटाला हुकूम जातोय ना? ती तर तुटलीया. मग दुखतंय कसं?"

सर खुर्चीत पुढे सरकले. हा प्रश्न वर्गात एकानंही विचारला नव्हता. "ती नुसती हुकमाची तार नाही हो! तिच्यातले बहुतेक निरोप उलटे, पोटाकडून मेंदूकडे जातात. आणि दुखणं कळवायला तर दुसऱ्याही नसा आहेत."

"सिद्धू, लिवून घे," अज्जा म्हणाले.

त्या दिवसापासून घराची सूत्रं सिद्धेश्वरीकडे आली. गुडघ्याच्या गोळ्या बंद, सरांनी दिलेली औषधं वेळेवर, जेवण लवकर आणि जेवल्यावर मोबाइल अज्जीच्या उशीखाली. पहिले काही दिवस अज्जा चिडले, रुसले. मग एका सकाळी सूर्य वर आला तरी ते घोरतच होते. अज्जी घाबरून हलवायला निघाल्या, तसा सिद्धेश्वरीनं त्यांचा हात धरला आणि दोघी तोंडाला पदर-ओढणी लावून हसत सुटल्या.

दोन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण आत गेली. पडद्यावर जखमेच्या जागी गुलाबी, सलग अस्तर दिसलं.

"भरली! सर, भरली!" ती जवळजवळ किंचाळलीच.

तोंडात नळी असलेल्या अज्जांना बोलता येईना. त्यांनी पलंगावरूनच अंगठा उंच केला.